नाळेची डबी

"ही मांडीवर धर. खाली ठेवू नको, आन् शरूच्या हाताला लागू देऊ नको," असं म्हणत आईंनी ती डबी माझ्या हातात दिली, तेव्हा आमची गाडी कराड सोडून हायवेला लागली होती.

डबी सुपारीएवढी, चांदीची, फिरकीच्या झाकणाची. लग्न होऊन आले तेव्हापासून ती मी देवघरात बाळकृष्णाच्या मागं बघत होते. आत काय असतं तेही मला सांगितलेलं होतं. माझ्या नवऱ्याची, इंद्रजितची, नाळ. बाळाची नाळ गळून पडली की सावलीत वाळवायची, डबीत घालून देवापाशी ठेवायची, आणि मोठेपणी जिवावरचं दुखणं आलं तर सहाणेवर उगाळून ज्याची त्याला चाटवायची, अशी माझ्या सासरची रीत.

"जपून धर गं केतकी," गाडी चालवता चालवता दिनकरमामा म्हणाले. "त्या डबीत आपल्या इंद्राचे पाय आहेत."

पुढच्या सीटवरून इंद्रजित हसला. "मामा, मग सीटबेल्ट लावा की तिला."

त्याला हसताना बघून आईंनी पदरानं डोळे टिपले. मी लेकीला, शर्वरीला, एका मांडीवर आणि डबीला दुसऱ्या मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिले. मला हसू येत नव्हतं.

इंद्रजितचा घरांवर सोलर बसवायचा धंदा. शर्वरी माझ्या पोटात होती तेव्हा मलकापूरला एका गोठ्याच्या छपरावर माप घेताना सिमेंटचा पत्रा मोडला आणि तो खाली दगडी गव्हाणीवर पाठीवर पडला. मणका मोडला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखाली पाय म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी आणून जोडल्यासारखे झाले. तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता, आणि तो कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

व्हीलचेअर आली तेव्हा त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं, "ढकलायचं तर तुम्ही ढकला. मी चाकाला हात लावणार नाही."

"का रे?" आईंनी विचारलं.

"सवय लागेल."

दंड असे की एका हातानं पॅनेल उचलायचा. पण दारातून स्वयंपाकघरापर्यंत यायचं तरी "केतकी" म्हणून हाक मारायचा. माझा स्वभाव मुळात काळजीखोर. दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशीच उभी राहणाऱ्यांतली मी. मला पायांची काळजी होतीच, पण त्याहून जास्त त्या हातांची वाटायला लागली होती. चालता येईल तेव्हाच जगायचं, तोवर थांबायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि लेक त्याच्यासमोर रांगायला लागली होती.

ऑपरेशन केलेले सर्जन स्पष्ट बोलणारे होते. स्टेम सेलचं, म्हणजे पेशी घालून मणका बरा करायच्या उपचाराचं, मी त्यांना विचारलं होतं.

"संशोधन चालू आहे," ते म्हणाले होते. "उद्या काही चांगलं निघेल, मलाही वाटतं. पण आज ते दुकानात मिळणारं औषध नाही. खरी चाचणी असेल तर ते तुमच्याकडून पैसे मागणार नाहीत, आणि पाय चालतील अशी हमी तर मुळीच देणार नाहीत. डाव्या मांडीत त्याला थोडं जाणवायला लागलंय ना? ते जपा. कुणी उगाच मणक्यात सुया घातल्या तर आहे तेही जाईल."

मग त्यांनीच एका सरकारी पुनर्वसन केंद्रात नाव घातलं. तिथं व्हीलचेअरवरून खाटेवर, खाटेवरून गाडीत, सगळं स्वतःचं स्वतः करायला शिकवतात. रांग मोठी. अखेर तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा फोन आला, "सोमवारी खाट रिकामी होतेय. येताय का? नसाल येत तर सकाळपर्यंत कळवा, पुढच्याला बोलावते."

आणि नेमके त्याच संध्याकाळी दिनकरमामा आले. मामांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. दुकानात बसून दिवसभर मोबाइल बघायचे. त्यांनी एक व्हिडिओ लावून दिला. पुण्यातला दवाखाना, काचेची इमारत, एक तरुण व्हीलचेअरवरून उठून चार पावलं टाकतो आणि मागं सनई.

"नाळेतल्या पेशी घालतात," मामा म्हणाले. "आणि मी फोन केला तर डॉक्टर स्वतः बोलले. मी सांगितलं, आमच्या ताईनं पोराची नाळ जपून ठेवलीय. ते म्हणाले, अहो, मग काय पाहिजे! स्वतःची नाळ म्हणजे सोन्याहून पिवळं! लगेच घेऊन या. आपल्या पूर्वजांना हे कळलं होतं बघा. तू त्या नाळ उगाळायच्या पद्धतीला म्हणायचीस ना, अंधश्रद्धा? घे आता."

हे शेवटचं मला. मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, शर्वरी व्हायच्या आधी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दोन हंगाम काम केलेली. ती पदवी घरात अशा वेळी टोमण्यापुरती बाहेर निघायची.

"मामा, वाळलेल्या नाळेत जिवंत पेशी कशी राहील?" मी म्हटलं. "हळकुंड पेरलं तर उगवतं, पण उकडून वाळवलेलं उगवतं का?"

"केतकी," इंद्रजित खाटेवरून म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुला मी उठायला नकोय का?"

याच्यावर कुठली बायको काय बोलणार? मामांनी डबीचं नाव काढल्यापासून आईंचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आशेनं.

"त्या केंद्राला नाही म्हणून कळव," इंद्रजितनं सांगितलं. "सकाळी निघायच्या आधी."

"कळवते," मी म्हटलं. आणि सकाळी फोन केला.

खंबाटकी घाटाच्या अलीकडं चहाला थांबलो. मामा आणि आई उतरून आत गेले. इंद्रजितला उतरवायचं म्हणजे दोघांनी उचलायचं, म्हणून तो गाडीतच. मान मागं टाकून त्यानं डोळे मिटले होते. शर्वरी माझ्या बांगडीशी खेळत होती. डबीचं झाकण जरा तिरकं बसलंय असं मला दिसलं. आत काय आहे ते सांडलं तर माझ्याच नावावर बिल फाटणार. मी झाकण नीट बसवायला म्हणून फिरवून उघडलं.

वास आला.

तो वास ओळखायला मला डोळे उघडे लागत नाहीत. रोज सकाळी शर्वरीची गुटी मीच उगाळायची. आमच्या बालरोगतज्ज्ञांना ते पसंत नव्हतं, आईंना सोडवत नव्हतं, म्हणून सगळ्या जिनसांचा एकेकच वेढा असा मी दोघांमध्ये तह केलेला. हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, आणि तो उग्र, नाकात चढणारा वेखंडाचा वास. डबीत कापसावर वेखंडाचा तुकडा होता. कडा ताज्या तुटलेल्या. त्याच सकाळी गुटी उगाळताना वेखंड कालच्या निम्मंच हाताला लागलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं, उंदरानं नेलं.

मी झाकण लावलं. घट्ट.

आई चहाचा कागदी कप घेऊन आल्या. माझ्या हातातल्या डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. मला विचारता आलं असतं. पण पुढं त्यांचा मुलगा बसला होता, आणि आईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी तो कप नुसता हातात घेतला. सांगायचं तर काय सांगणार होते? मी म्हटलं असतं, हे वेखंड आहे, तर मामा म्हणाले असते, हिनंच बदललं, हिला पहिल्यापासून नकोच होतं. आणि इंद्रजितनं ते मानलं असतं. त्या दिवसांत मी जे जे म्हणे त्यातून त्याला एकच ऐकू येई, ही मला थांबवतेय.

मी ठरवलं, डबी डॉक्टरांनाच उघडू द्यायची. इतके मोठे तज्ज्ञ आहेत. बघून म्हणतीलच, अहो, हे काय आणलंत?

दवाखाना व्हिडिओसारखाच चकचकीत होता. केबिनमध्ये कण्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा टांगलेला. डॉक्टर मामांच्याच वयाचे, पण केस काळेभोर. इंद्रजितच्या पायांना त्यांनी हात लावला नाही. रिपोर्टची फाइल उघडली, एक पान उलटलं आणि मिटली.

"यंग पेशंट आहे. बॉडी मस्त आहे. आजच ॲडमिट होऊ या. उद्या सकाळी मणक्यात पहिलं इंजेक्शन. दिवाळीला स्वतःच्या पायांनी आकाशकंदील लावायचा, काय?"

इंद्रजितचा चेहरा उजळला. तो उजेड मी वर्षभर बघितला नव्हता, आणि मला त्या माणसाचा तेव्हा जो राग आला तो आजही जसाच्या तसा आहे.

"आणि ती ठेव कुठं आहे आईंची?"

मी डबी टेबलावर ठेवली. आई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. त्या अर्धवट उठल्या. "डॉक्टरसाहेब, एक सांगायचं व्हतं..."

"सांगा हो, सावकाश सांगा." तोवर त्यांनी झाकण काढलंही होतं. चिमट्यानं तुकडा उचलून दिव्यापुढं धरला. या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला.

"वा! फार सुंदर जपलीये. आई, तुम्हाला नमस्कार केला पाहिजे."

आई तशाच परत खाली बसल्या.

"बघ," मामा माझ्याकडं वळून म्हणाले.

"वाळलेली आहे," डॉक्टर सांगत होते, "पण तो प्रश्न नाही. पेशी झोपलेल्या असतात. आपण लॅबमध्ये त्यांना जागं करतो."

"वाळलेल्या पेशी जाग्या होतात?" मी विचारलं.

"मॅडमचं शिक्षण?"

"मायक्रोबायॉलॉजी."

"मग तुम्हाला तर मी सांगायलाच नको." ते हसले. मामाही हसले.

"तुम्हाला खात्री आहे ना डॉक्टर, की ही नाळच आहे?"

"केतकी!" इंद्रजित.

"वीस वर्षं हेच करतोय मी, मॅडम. नजरेला कळतं."

मी उठले, शर्वरीला इंद्रजितच्या मांडीवर बसवलं आणि डॉक्टरांना म्हटलं, "जरा बघू द्या ना त्यांना. त्यांचीच आहे, पण त्यांनी कधी बघितली नाही." डबी मी दोघांच्या पुढ्यात धरली.

इथं एक सांगायला हवं. रोज सकाळी गुटी पाजायची म्हणजे आमच्या घरात कुस्ती असायची. मी चमचा धरायची आणि शर्वरीचे दोन्ही हात धरून ठेवायचं काम तिच्या बापाचं. मांडीवर घेऊन, दंडांच्या विळख्यात. ते एवढं एकच काम तो न सांगता करायचा. गुटीचा वास आला की पोरगी ओठ असे घट्ट मिटायची की जणू तोंड शिवलंय, आणि मान बापाच्या काखेत खुपसायची.

डबी पुढं आली. शर्वरीनं एकदा नाक फेंदारलं, ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवून बापाच्या काखेत खुपसली.

इंद्रजितचे हात सवयीनं तिच्या हातांवर गेले. आणि तिथंच थांबले. त्यानं मान खाली घालून डबीचा वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. मी डबी तशीच धरून ठेवली. त्यानं परत एकदा वास घेतला, घाई न करता, माप दोनदा घ्यायचा तसा.

"डॉक्टर," तो म्हणाला, "किती वर्षांची वाटते ही?"

"तुमच्या वयाची. तीस-बत्तीस. पेशी टिकून आहेत, माझा अनुभव आहे."

"काल आमच्या पोरीच्या गुटीच्या डब्यात होती. वेखंड आहे हे."

मामांचं तोंड उघडं राहिलं. "काय बोलतोयस लेका?"

"वास घ्या की, मामा. एवढं नाक आहे."

मामांनी डबी नाकाशी नेली आणि शिंकले. तीनदा. डॉक्टरांचा चेहरा हलला नाही, हे मात्र त्यांचं कौतुक. "अहो, लॅबमध्ये कळलंच असतं ते. आणि नाळ नसली तरी अडत नाही, आपल्याकडं दुसरा सोर्स आहे, तयार पेशी..."

"उद्या सकाळी माझ्या मणक्यात काय घालणार होता? हळकुंड?"

मी त्याच्या मागं गेले, खुर्ची ढकलायला म्हणून हात पुढं केला. पण खुर्ची आधीच हलली होती. एका हातानं शर्वरीला छातीशी धरून त्यानं दुसऱ्या हातानं चाक मागं ओढलं. खुर्ची गर्रकन तिरकी फिरली आणि कण्याच्या सांगाड्यावर आदळली. सांगाडा खुळखुळला. शर्वरी खिदळली.

"दोन्ही चाकं एकदम ओढायची असतात," मी म्हटलं.

"मग पोरीला घे ना!"

मी तिला घेतलं. तो दाराच्या चौकटीला एकदा धडकला, मागं आला, पुन्हा गेला आणि बाहेर पडला. दवाखान्याचा अख्खा कॉरिडॉर त्यानं एकट्यानं पार केला. आई त्याच्यामागून पदर तोंडाला लावून धावत होत्या.

गाडीपाशी तो थांबला. तळवे लाल झाले होते, ते त्यानं पँटीवर पुसले.

"आई, माझी नाळ कुठाय?"

आई गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या. "आता नको विचारू."

"आत्ताच विचारणार. टाकलीस कुठं?"

"टाकीन कशी रे? तुझ्याच पोटात हाय ती."

त्याचा हात आपोआप पोटाकडं गेला.

"तू आयसीयूत व्हतास. नळ्याच नळ्या. मग तोंडानं जरा जरा पाणी द्या म्हणाले. मी घरनं रोज उगाळून न्यायची, तीर्थाच्या कुपीत. नर्सबाईंची पाठ फिरली की चमच्यानं तुझ्या ओठाला. संपेस्तोवर दिली." त्यांनी नाक पुसलं. "ही केतकी लॅबातली. तिला कळलं असतं तर तिनं मला दवाखान्यात पाऊल ठेवू दिलं नसतं."

खरं होतं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून मी आयसीयूच्या दारात पहारा देत होते, गरोदर पोट घेऊन, येईल त्याला हात धुवायला लावत. आणि माझ्या नाकाखालून तीस वर्षांची नाळ आत जात होती. आज लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो.

"तरीच," इंद्रजित म्हणाला. "तरीच तिथं मला जुलाब झाले होते. डॉक्टर कारण शोधून दमले."

मामा आधी हसले, मग मी, आणि मग आईसुद्धा, रडता रडता.

"मग वेखंड कशाला घातलंत, आई?"

"दिनकर डबी दे म्हणून बसला. रिकामी कशी देऊ? म्हटलं, तिथं डॉक्टरला बाजूला घेऊन सांगीन. तर ते उघडून म्हणाले, वा, सुंदर. मला वाटलं, एवढे शिकलेले हायेत, वेखंडातनंबी निघत असंल."

परतीच्या वाटेवर मामा टोलनाक्यापर्यंत मान न वळवता गाडी हाकत होते. त्यांचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. भाच्यासाठी माणूस कुठल्याही दारात जाईल. इंद्रजित मात्र तळव्यांकडं बघत होता.

"केतकी, केंद्रातली खाट गेली असेल ना?"

"का?"

"तू सकाळी नाही म्हणून कळवलंस ना त्यांना."

"फोन केला होता मी."

"मग?"

"सोमवारी येतोय म्हणून सांगितलं."

तो वळता येईल तेवढा मागं वळला. "निघायच्या आधी? वेखंडाचं कळायच्या आधी?"

"हो."

"आणि मी तिथं ॲडमिट झालो असतो तर?"

"तर शर्वरीला घेऊन मी एकटी गेले असते. तू येईपर्यंत खाटेवर बसून राहिले असते."

आई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी माझ्या हातातली डबी घेतली, खिडकीची काच खाली केली आणि वेखंड बाहेर फेकून दिलं. कापूस झटकला, झाकण लावलं आणि डबी परत माझ्या मांडीवर ठेवली.

"आता शरूची नाळ हिच्यात ठेव," त्या म्हणाल्या. "तू त्या कापडात बांधून कपाटात लपवलीयस न्हवं? मला म्हाईत हाय."

शर्वरी आता पाचवीत आहे. तिचा बाप हातानं चालवायच्या गाडीतून साइटवर जातो आणि खालून ओरडून पोरांना पत्र्यावर फळी टाकायला लावतो. स्टेम सेलची कुठं खरी चाचणी निघाली की आधी तोच शोधून वाचतो, मग मला वाचायला लावतो. "अजून माझ्यासारख्या जुन्या केसचं नाही," म्हणतो. "येईल तेव्हा आपली बॉडी तयार पाहिजे." आणि सकाळी दंड काढायला बसतो.

डबी देवघरात आहे, बाळकृष्णाच्या मागं. झाकण घट्ट आहे, मी अधूनमधून तपासते.